टाकळा ओळखणारी माणसं

मृगाचा पाऊस जमिनीत नीट मुरला की कोकणातल्या पायवाटांच्या कडेला, ढासळलेल्या गडग्यांच्या पायथ्याशी, शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात, एसटीच्या थांब्यामागे हिरवी दाटी उभी राहते. आठवड्यापूर्वी तिथे नुसती तांबडी धूळ असते. मग बोटभर उंचीची रोपं येतात, आणि ती इतकी दाट असतात की मधून माती दिसत नाही. प्रत्येक पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाशी गोलसर आणि देठाकडे निमुळत्या होत गेलेल्या. लांबून पाहणाऱ्याला कोणीतरी मेथी पेरली आहे असं वाटावं. ही रोपं कोणी पेरलेली नसतात, त्यांना कोणी खत घालत नाही, त्यांच्यावर कोणाचा मालकी हक्कही नसतो. हा टाकळा. विदर्भात याला तरोटा म्हणतात, गोव्यात तायकिळो.

निसर्गाविषयी आपण लिहितो तेव्हा बहुधा दुर्मीळ गोष्टींविषयी लिहितो. एखाद्या कड्यावरच उरलेलं ऑर्किड, एखाद्या देवराईतच टिकलेला वृक्ष. ती हळहळ खरी आहे आणि हवीही आहे. टाकळ्याच्या वाट्याला मात्र अशी हळहळ कधी येणार नाही, कारण तो संपणाऱ्यातला नाही. तुडवलेल्या, खरवडलेल्या, उघड्या पडलेल्या जमिनीवर तो सर्वांत आधी येतो, आणि अशी जमीन आपल्याकडे वाढतेच आहे. तरीही गेली काही वर्षं पावसाळा आला की मला त्याच्याबद्दल एक काळजी वाटत राहते. तो डोळ्यांसमोर भरघोस उगवलेला असताना त्याच्याकडे वाकणारी माणसं कमी होत चालली आहेत.

टाकळा वर्षायू आहे. जूनमध्ये उगवतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिवळ्या फुलांवर येतो, दिवाळीच्या आगेमागे वाळून जातो. पाच महिन्यांत सगळं आयुष्य उरकायचं असल्यामुळे त्याच्या वागण्यात कुठेही ढिलाई नसते. खोड जाड करण्यात तो शक्ती घालवत नाही. गुडघ्या-मांडीएवढा झाला की फुलायला लागतो आणि फुलांपाठोपाठ चार-सहा इंच लांब, बारीक, किंचित वाकलेल्या शेंगा धरतो. शेंगेत ओळीने बसलेल्या तपकिरी, चकचकीत, तिरप्या कापल्यासारख्या बिया असतात. हाताला त्या खड्यासारख्या लागतात. हे कठीण कवच हाच त्याचा खरा ठेवा. पाणी सहजी आत शिरू नये असंच ते घडलेलं असतं, त्यामुळे एका पावसात सगळ्या बिया उगवत नाहीत. काही पहिल्याच जूनला उगवतात, बाकीच्या मातीत थांबतात. उन्हाळ्याचे चटके, घासली जाणारी वाळू, जनावरांचे खूर यांनी कवचाला कुठेतरी चीर पडते आणि पुढच्या कुठल्यातरी पावसाळ्यात त्यांची पाळी येते. एखादं वर्ष कोरडं गेलं, एखाद्या वर्षी कोणी सगळी रोपं उपटून टाकली, तरी जमिनीच्या पोटात पुढची पिढी शिल्लक असते. एका ऋतूचं आयुष्य असलेल्या झाडाने दीर्घायुष्याची केलेली ही तजवीज मला फार विलक्षण वाटते.

कुळाने तो शेंगवर्गातला. या वर्गातल्या पुष्कळ वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र बांधून देतात. टाकळ्याच्या मुळांवर तशा गाठी नसतात. ज्या निकस जमिनीत तो उभा असतो तिथलं असेल तेवढंच घेऊन त्याला वाढावं लागतं. लिनियसने 1753 मध्ये त्याला शास्त्रीय नाव देताना कॅसिया या प्रजातीत ठेवलं, पुढे रॉक्सबर्गने सेना या प्रजातीत नेलं, आणि आज सेना टोरा हेच नाव वापरात आहे. सोनामुखी, जिची पानं आपल्याकडे पोट साफ होण्यासाठी पिढ्यानपिढ्या घेतली जातात, तीही याच प्रजातीतली. उन्हाळ्यात सोनेरी झुंबरांनी लगडणारा बहावाही त्याच्या जवळच्या नात्यातला. बहाव्याखाली उभं राहून लोक फोटो काढतात. त्याचा हा धाकटा भाऊबंद त्याच रस्त्याच्या कडेला पायाखाली असतो.

आमच्या घरी टाकळा खुडण्याचं काम मुलांकडे असे आणि त्यावर देखरेख आजीची. ती रोप उपटू द्यायची नाही. वरचा कोवळा शेंडा, दोन-तीन पानं, तेवढंच खुडायचं. खाली राहिलेल्या खोडाला पुन्हा फुटवा येतो, म्हणजे त्याच जागेवरून पुन्हा भाजी मिळते. रस्त्याच्या अगदी काठचा घ्यायचा नाही, गोठ्याच्या ओहोळाजवळचा घ्यायचा नाही. फुलं दिसायला लागली की त्या वर्षापुरता टाकळा संपला, मग भाजी कितीही हिरवीगार दिसो. हे नियम तिने कधी समजावून सांगितले नाहीत. चुकीचा शेंडा टोपलीत दिसला की ती तो उचलून बाजूला टाकायची, त्यातूनच आम्हाला ते कळत गेले. आज वनस्पतिशास्त्राच्या अंगाने पाहिलं की त्या प्रत्येक नियमामागचं कारण दिसतं. कोवळ्या पानांत उग्रपणा कमी असतो आणि चोथाही कमी. पान जून झालं की त्याचा वासही वाढतो आणि ते चिवट होतं.

कच्चं पान चुरगाळलं तर उग्र वास येतो आणि नवख्या माणसाला शंका येते की हे खायचं कसं. भाजी शिजल्यावर तो वास राहत नाही. आमच्याकडे पानं दोन-तीन पाण्यांतून धुऊन बारीक चिरत. काही घरांत ती आधी उकडून पिळून घेतात, त्याने कडवटपणा निघून जातो. तेलात भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, मग भाजी आणि भिजवलेली मूगडाळ. वरून ओलं खोबरं आणि गुळाचा बारीक खडा. मूगडाळीऐवजी कधी फणसाच्या आठळ्या असत. मे महिन्यात खाल्लेल्या फणसाच्या आठळ्या धुऊन, वाळवून, मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवलेल्या असत. गोव्यात तायकिळ्याच्या भाजीत हीच बिकणां घालतात. मला या जोडीत मोठा शहाणपणा दिसतो. उन्हाळ्याने जाता जाता ठेवलेली आठळी आणि पावसाने येता येता दिलेलं पान, दोन ऋतू एका कढईत येतात आणि त्यासाठी बाजारात जावं लागत नाही.

जून-जुलै हे महिने पूर्वी गरीब घरांत कठीण असत. मागच्या हंगामाचं धान्य संपत आलेलं, नवं भात अजून रोपाच्या अवस्थेत, मळ्यातली भाजी पावसाने झोडपलेली, समुद्र खवळल्यामुळे मासळी बंद. नेमक्या त्याच दिवसांत टाकळा, कुरडू, शेवळं, फोडशी, भारंगी, कंटोळी यांची रांग लागते. रानभाज्यांना आपण आज हौसेने खास पदार्थ म्हणतो. ज्यांनी त्या प्रथम हेरल्या, चाखल्या, त्यांतला उग्रपणा आणि खाज घालवण्याच्या रीती शोधल्या, त्यांच्यासाठी तो भुकेचा प्रश्न होता. टाकळा उकडून त्याचं पाणी टाकायचं हे कुणीतरी कधीतरी पोट बिघडवून घेऊन शिकलं असणार. आपल्या ताटात येणारी प्रत्येक रानभाजी ही अशा अनामिक माणसांनी आपल्यासाठी केलेली खात्री आहे.

पानं पोटासाठी, तर बी त्वचेसाठी. गजकर्ण, नायटा यांवर टाकळ्याचं बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लावण्याची रीत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. आयुर्वेदात टाकळ्याला चक्रमर्द, प्रपुन्नाट, दद्रुघ्न, एडगज अशी नावं आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला तिसरा अध्याय त्वचारोगांवरच्या लेपांचा आहे. त्यात 32 लेप सांगितले आहेत आणि अध्यायाचं नाव बहाव्यावरून ‘आरग्वधीय’ असं पडलं आहे. त्यातल्या पहिल्याच लेपात बहाव्याला लागून टाकळा येतो. रस्त्यावरचे ते दोघे नातलग या जुन्या पाठातही शेजारी शेजारी आहेत, हे प्रथम लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. वनस्पतींची कुळं लावण्याचं आधुनिक शास्त्र तेव्हा नव्हतं. गुणांवरून त्यांची जवळीक वैद्यांनी ओळखली होती.

विसाव्या शतकात रसायनशास्त्राने बियांत काय आहे ते पाहिलं. टाकळ्याच्या बियांत अँथ्राक्विनोन गटातली अनेक द्रव्यं असतात, क्रायसोफॅनॉल आणि इमोडिन ही त्यांतली दोन. 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात बियांतून बुरशीला रोखणारं मुख्य द्रव्य वेगळं करून दाखवलं गेलं. गजकर्ण हा बुरशीचाच रोग. म्हणजे ताकात बी वाटणाऱ्या बाईचा अनुभव पोकळ नव्हता.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण औषधी वनस्पतींवरचं लेखन हल्ली फार सैल झालं आहे. प्रयोगशाळेच्या बशीत बुरशी रोखली जाणं आणि माणसाच्या कातडीवरचा रोग बरा होणं यांच्यात मोठं अंतर आहे. आज भारतात गजकर्णाचं रूप पालटलं आहे. स्टेरॉइड मिसळलेली मलमं डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षं चोळली गेल्याने हा रोग अंगभर पसरतो, परत परत येतो. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी या बुरशीची एक नवी जात वर्णिली. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी एक भारतीय आणि एक नेपाळी होता. टर्बिनाफिनसारख्या हमखास औषधालाही ही जात पुष्कळदा दाद देत नाही. अशा रोगावर कोणी मला टाकळ्याचा लेप सुचवा म्हटलं तर मी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सांगेन. टाकळ्याचा मान राखण्यासाठी त्याच्यावर न पेलणारं ओझं टाकायची गरज नाही. ज्या काळात दुसरं काही हाताशी नव्हतं त्या काळात त्याने खाज शमवली, हे त्याचं ऋण पुरेसं आहे.

ओळख नीट असणं किती महत्त्वाचं, हे टाकळ्याच्या एका भावंडाने फार दुःखद रीतीने शिकवलं आहे. कासविंदा नावाचं झुडूप टाकळ्यासारखंच पडीक जागी उगवतं, त्यालाही पिवळी फुलं येतात आणि शेंगा लागतात. काही भागांत त्याला रानटाकळा असंच म्हणतात. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात दर वर्षी पावसाळा संपता संपता लहान मुलं अचानक आजारी पडून काही दिवसांत दगावत असत. मेंदूज्वर समजून उपचार होत. मुलांच्या डॉक्टरांच्या एका गटाने गावोगाव फिरून, घराघरांत चौकशी करून 2007 मध्ये दाखवून दिलं की या मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या. त्या बियांचं विष यकृत, स्नायू आणि मेंदू या तिघांवर एकदम घाला घालतं.

मी हे वाचलं तेव्हा आजीची देखरेख मला वेगळ्या प्रकाशात दिसली. टाकळ्याचं पान टोकाला गोल, कासविंद्याचं टोकदार. टाकळ्याच्या पर्णिका तीन जोड्या, कासविंद्याच्या बहुधा चार-पाच. टाकळ्याची शेंग बारीक आणि वाकलेली, कासविंद्याची रुंद, चपटी. हा फरक ज्या मुलाच्या बोटांना ठाऊक आहे ते मूल सुरक्षित आहे. ज्या मुलाला सगळं हिरवं सारखंच दिसतं त्याला रान परकं तर आहेच, धोक्याचंही आहे. आणि मोठ्यांनीही लक्षात ठेवायला हवं की टाकळ्याचं कोवळं पान ही भाजी आहे, त्याचं बी हे मूठभर खायचं धान्य नाही.

गाई-म्हशी टाकळ्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे ज्या गायरानात जनावरांची संख्या फार होते तिथलं गोड गवत हळूहळू संपतं आणि टाकळा उरतो. सप्टेंबरात एखादा माळ टाकळ्याच्या फुलांनी पिवळा झालेला दिसला तर ते दृश्य डोळ्यांना सुखावतं. गुराख्याला मात्र त्यात चराईचा ताण दिसतो. जमीन आपली अवस्था अशा झाडांतून सांगत असते.

माणसांनी आणि गुरांनी दुर्लक्षिलं तरी या झाडाभोवती वर्दळ असते. मॉटल्ड एमिग्रंट नावाचं फिकट हिरवट-पांढरं, सतत उडत राहणारं फुलपाखरू आपली अंडी टाकळ्याच्या पानांवर घालतं. त्याच्या हिरव्या अळ्या पानाच्या मध्यशिरेला लागून अशा पहुडतात की शोधूनही सापडत नाहीत. जुलैच्या शेवटी टाकळा खुडताना पानं उलटीसुलटी करून पाहायची सवय मला त्या अळ्यांनीच लावली. फुलांत मध नसतो, फक्त परागकण असतात आणि तेही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतात. मोठे भुंगे फुलाला लटकतात, पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवतात, आणि त्या कंपनाने पराग बाहेर उडतो. शांत दुपारी टाकळ्याच्या ताटव्याशी उभं राहिलं तर ही गुणगुण वेगळी ओळखू येते. उडताना होणाऱ्या आवाजापेक्षा ती थोडी वरच्या सुरातली असते. संध्याकाळ झाली की पर्णिकांच्या जोड्या एकमेकींवर मिटतात, आणि पहाटे पुन्हा उघडतात.

गाजर गवताविरुद्धच्या लढाईतही टाकळा आपल्या बाजूने उभा आहे. हे परदेशी तण 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. दमा, त्वचेची ॲलर्जी, पडीक पडलेल्या जमिनी, असं पुष्कळ नुकसान त्याने केलं. पावसाळ्यात टाकळा त्याच्यापेक्षा वेगाने आणि दाट वाढतो, त्याच्यावर सावली धरतो आणि त्याला वर येऊ देत नाही. जबलपूरच्या राष्ट्रीय तण संशोधन संस्थेने गाजर गवत माजलेल्या मोकळ्या जागांवर टाकळ्याचं बी टाकण्याची शिफारस केलेली आहे. दोन्ही झाडं रस्त्याच्या कडेलाच असतात. एकाने डोळे चुरचुरतात, दुसऱ्याने पोट भरतं. पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची माणसं साफसफाईला येतात तेव्हा दोन्ही एकाच विळ्याने किंवा एकाच फवारणीने जातात, याचं मला खरोखर दुःख होतं.

वाळलेल्या टाकळ्यालाही काम असतं. बी भाजून कुटून कॉफीसारखं पेय करण्याची रीत आपल्याकडे काही ठिकाणी होती. चीनमध्ये हे बी आणि त्याच्या अगदी जवळच्या जातीचं बी डोळ्यांसाठी हितकर म्हणून प्राचीन औषधग्रंथांत नोंदलेलं आहे, आणि त्याचा भाजका चहा तिथे, कोरियात आणि जपानमध्ये आजही पितात. दक्षिण भारतातले निळीचे रंगारी नैसर्गिक निळीचा हौद आंबवताना टाकळ्याचं उकडलेलं बी त्यात घालतात. ते आंबवणाऱ्या जिवाणूंना खाद्य पुरवतं, मग नीळ पाण्यात विरघळते आणि सुताला धरते. एखाद्या निळ्या लुगड्याच्या रंगामागे रानातलं हे बी असू शकतं.

आजचा मोठा व्यापार मात्र गोंदाचा आहे. बियांच्या गरापासून दाट, जेलीसारखा होणारा पदार्थ काढतात. त्याला कॅसिया गम म्हणतात आणि युरोपच्या खाद्यनोंदीत त्याचा क्रमांक ई 427 आहे. कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद अन्नाला घट्टपणा आणण्यासाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. याचं बी भारतातून जातं. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेची वाळलेली झुडपं कापून, डांबरी रस्त्यावर पसरून, काठीने झोडपून, सुपाने पाखडून बी गोळा करणारी माणसं म्हणजे भूमिहीन मजूर आणि आदिवासी. मध्य भारतातून प्रवास करताना अशी झोडपणी पाहिली की मी थांबते. पेरणी नाही, खत नाही, जमीन नाही, तरी हे एक पीक आहे. ते काढणाऱ्यांच्या हाती पडणारा वाटा मात्र साखळीतला सर्वांत छोटा असतो.

पानांच्या बाबतीतही तेच. पनवेल, कल्याण, ठाणे, वसई या बाजूंना जून-जुलैत कातकरी, ठाकर, वारली बायका पहाटेच्या गाडीने येतात आणि स्टेशनबाहेर पळसाच्या किंवा सागाच्या पानांवर टाकळ्याचे वाटे मांडतात. अशाच एका मावशींकडून मी दर पावसाळ्यात भाजी घेते. एकदा ऑगस्ट सरता सरता मी टाकळा मागितला तेव्हा त्यांनी मान हलवली.

“आता नाय ताई. फुलावर आला. आता त्याला त्याचं करू दे.”

“पण मावशी, पलीकडे एक जण विकतोय.”

“तो गाडीवाला. त्याला हिरवं दिसलं की काप. आम्ही खातो तेच विकतो.”

रोजच्या कमाईवर घर चालणाऱ्या बाईने गिऱ्हाईक समोर असताना नाही म्हणायला काय लागतं, याचा मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. त्या झाडाचा वर्षाचा क्रम त्यांना ठाऊक आहे आणि त्या क्रमाला त्या बांधील आहेत. झाडाला बी धरू दिलं तर पुढच्या जूनला भाजी. ही शिस्त कुठल्या वनखात्याने घालून दिलेली नाही. टाकळ्यासारख्या, अजिबात धोक्यात नसलेल्या झाडाच्या बाबतीतही ती पाळली जाते, कारण ती त्यांच्या राहण्याचाच भाग आहे.

हे ज्ञान तीन बाजूंनी झिजतं आहे असं मला दिसतं. पहिली बाजू तणनाशकांची. बांधावरचा, भाताच्या खाचराकडेचा टाकळा पूर्वी निंदणीत निघायचा आणि निंदणाऱ्या बाईच्या ओच्यातून घरी जायचा. निंदणीचं काम म्हणजे तिच्यासाठी मजुरी होती आणि भाजीही होती. फवाऱ्याने दोन्ही एकदम गेलं. शिवाय ज्या कडेला फवारा बसला आहे तिथलं पान खाण्यालायक आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून सावध माणूस बांधावरची भाजीच सोडून देतो. दुसरी बाजू लाजेची. रानातली भाजी खाणं म्हणजे विकत घ्यायला पैसे नसणं, ही भावना खेड्यात फार खोल गेली आहे. मुलांना डब्यात टाकळा दिला तर ती डबा उघडत नाहीत, असं मला एका आईने सांगितलं होतं. तिसरी बाजू आपल्या शिक्षणाची. शेंगवर्गाची लक्षणं पाठ असलेला विद्यार्थी शाळेच्या कुंपणाखालचा टाकळा ओलांडून वर्गात जातो.

आता ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला, कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे बायका अभिमानाने आपल्या भाज्या मांडतात, शहरी लोक रांगा लावून त्या घेतात. मला हे मनापासून चांगलं वाटतं. लाज पुसायला प्रतिष्ठेसारखं दुसरं काही नाही. तरी महोत्सवात मिळते ती शिजलेली किंवा जुडी बांधलेली भाजी. ती कुठल्या जमिनीवर उगवली, कोवळी होती तेव्हा कशी दिसत होती, तिच्या शेजारी न खाण्याजोगं काय उगवलं होतं, हे त्या टेबलावर येत नाही. ते शिकायला पावसात भिजावंच लागतं, आणि सोबत जाणतं माणूस लागतं.

म्हणून मी आता जूनच्या शेवटच्या आठवड्यांत आमच्या वसाहतीतल्या मुलांना मागच्या टेकडीवर घेऊन जाते. पहिल्या दिवशी काहीच खुडायचं नाही, फक्त पाहायचं. पर्णिका मोजायच्या, टोकं बोटाने चाचपायची, पान चुरगाळून वास घ्यायचा. कासविंदा दिसला तर तोही दाखवायचा, नाव सांगायचं, आणि त्याच्या शेंगा तोंडात घालायच्या नाहीत हे स्पष्ट सांगायचं. दुसऱ्या वेळी शेंडे खुडायचे. तिसऱ्या वेळी एका घरी भाजी होते आणि ज्यांनी खुडलं ते सगळे खातात. एखाद्याला आवडत नाही, तर तेही चालतं. गेल्या वर्षी त्यांच्यातल्या एका मुलीने तिच्या गावाहून आलेल्या आजीला टेकडीवर आणलं. त्या आजींनी टाकळ्याकडे पाहिलं आणि मला माहीत नसलेल्या आणखी तीन भाज्या तिथल्या तिथे मुलांना दाखवल्या. अनेक वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

अशा आज्या, मावश्या, गुराखी अजून आपल्या इमारतींत, आपल्या बसथांब्यांवर, आपल्या घरात कामाला येणाऱ्या माणसांत आहेत. त्यांच्याकडे जे आहे ते पुस्तकात पुरतं उतरत नाही, कारण ते डोळ्यांत, नाकात आणि बोटांच्या टोकांत आहे. टाकळ्याने आपलं बी कठीण कवचात घालून पुढच्या अनेक पावसाळ्यांची सोय करून ठेवली आहे. माणसाच्या ज्ञानाला तसं कवच नसतं. एक पिढी न शिकता गेली तर ते पुढच्या जूनला आपोआप उगवत नाही. ते विचारावं लागतं, आणि विचारायचे दिवस मोजके असतात: मृगापासून फुलं येईपर्यंतचे.